मेणाचा पाय

१० ऑगस्ट १९५७, शनिवार

आज प्लास्टर कापलं. कमरेपासून घोट्यापर्यंतचा तो पांढरा डगला इतके महिने अंगावर होता, की तो निघाल्यावर मला भर वॉर्डात उघडं पडल्यासारखं वाटलं. आतून जो पाय निघाला तो माझा आहे यावर विश्वास बसेना. बारीक, पापुद्रे सुटलेला, आणि वास असा की मी तोंड फिरवलं. आयाबाईंना मात्र काहीच वाटलं नाही. तान्ह्या मुलाला चोळावं तशा त्या खोबरेल लावून पायाला चोळत बसल्या.

मग मोठे डॉक्टर आले. हाडाचा क्षय आटोक्यात आला म्हणाले. मी विचारलं, खुबा वाकेल का. त्यांनी चष्मा काढून पुसला, तेव्हाच मला उत्तर कळलं. खुबा आता जागच्या जागी घट्ट झाला आहे. चालता येईल, काठी लागेल. मांडी घालणं, उकिडवं बसणं, पाटावर बसून जेवणं हे सगळं विसरायचं. मी त्यांचे आभार मानले. एवढ्या मोठ्या माणसानं पाच मिनिटं उभं राहून समजावलं, तेव्हा आभार मानायलाच हवेत.

ते गेल्यावर सिस्टर इनेझ माझ्याजवळ थांबल्या. "बाई, रडला नाहीत?" असं विचारलं. मी म्हटलं, मुलींच्या शाळेत शिवण शिकवायचं म्हणजे बोटात सुई गेली तरी चेहरा हलवायचा नसतो, ती सवय आहे. त्या हसल्या नाहीत.

ही वही सुनंदानं आणून दिली. सुनंदा आमच्या शाळेची चित्रकलेची बाई. लिहीत राहा, नाहीतर डोक्याला गंज चढेल म्हणाली.

१३ ऑगस्ट, मंगळवार

काल टेबलाजवळच्या खाटेवर नवी बाई आली. मनोरीची, कॉन्सेप्टा नावाची. आपल्यासारखंच मराठी बोलतात त्यांच्यात, फक्त जरा वेगळ्या हेलात. पन्नाशी उलटलेली, अंगानं भक्कम, गळ्यात क्रूस. लघवीत साखर जायची, त्यात पायाला काटा लागून पाय सडला. आज गुडघ्याखाली कापला.

शुद्धीवर आल्यावर तिनं असा हंबरडा फोडला की वॉर्डात आलेली पोरंबाळं रडायला लागली. "मना मारून टाका, मना नको हा जीव," एकच धोशा. सिस्टर धावल्या, आया धावल्या, भेटायला आलेल्यांतल्या दोन बायकाही धावल्या. एकीनं डोकं मांडीवर घेतलं, एकीनं हात धरला. तिचा मुलगा लॉरेन्स मिशा फुटलेला धटिंगण, तोही पायाशी बसून रडत होता. मला जरा चमत्कारिकच वाटलं. दुःख असतं, पण त्याचा एवढा गाजावाजा करायचा म्हणजे काय.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

या वॉर्डाची एक रीत आहे. ज्या बाईचं जास्त असेल तिची खाट सिस्टरांच्या टेबलाशी. बरी होत जाईल तशी ती दाराकडे सरकते, आणि शेवटी गॅलरीत. गॅलरीतून चिंच दिसते, रस्ता दिसतो, अंधेरीचा बाजारसुद्धा ऐकू येतो. गॅलरीतली बाई म्हणजे घरी निघालेली बाई. मी दारापर्यंत पोचले होते. पुढची पाळी माझी.

आज सिस्टर इनेझनी मला विचारलं, एक काम कराल का. कॉन्सेप्टाशेजारच्या खाटेवर याल का. तिच्या तोंडचे शब्द तुम्ही ऐकलेत, आम्ही चौघी आणि खाटा इतक्या, एक शहाणं माणूस तिच्या शेजारी असलं तर बरं. बोलता बोलता त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. पूर्वी त्या दुसऱ्या इस्पितळात होत्या. तिथं एका बाईनं खाटेवर असतानाच जीव दिला. पोटाचा आजार होता, बराही होत आला होता. "कधी कण्हली नाही, कधी बेडपॅनसाठी दोनदा हाक मारली नाही. आम्ही सगळ्या म्हणायचो, किती शहाणी," एवढं बोलून त्या औषधाच्या कपाटाकडे गेल्या.

तर मी दाराकडून टेबलाकडे, उलट दिशेनं सरकले. गॅलरी लांबली याचं वाईट वाटलं, पण कुणीतरी आपल्यावर काम सोपवलं याचं बरंही वाटलं. इतक्या महिन्यांत मला कुणी कामच सांगितलं नव्हतं.

२१ ऑगस्ट, बुधवार

कॉन्सेप्टाबाईंची जखम सुकते आहे. पायाचं जे खोड राहिलं आहे त्याला त्या 'बाळ' म्हणतात. बाळ आज रडलं, बाळाला मुंग्या चावतात. आज मला म्हणाल्या, "बाय, तू शिवणाची मास्तरीण ना? माझ्या बाळाला टोपडं शिव." मी आधी दचकले, मग हसू आवरेना. सिस्टरांकडून जुन्या फ्लॅनेलचा तुकडा मिळाला. माझ्या पिशवीत सुई, दोरा, छोटी कात्री असतेच. बसून नाही तर उशीला टेकून, पण हात चालले. कितीतरी महिन्यांनी टाका घातला.

बाईंची देखरेख चालूच आहे. जेवतात भरपूर. लॉरेन्स मनोरीहून होडीनं मार्व्याला येतो, तिथून बसनं इथं. येताना घरच्या तांदळाच्या भाकऱ्या आणतो. त्या खातात आणि मलाही खायला लावतात. मधूनच मात्र माझ्याकडे टक लावून बघत राहतात. त्या नजरेची मला काळजी वाटते. सिस्टरांना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, बघू दे.

२५ ऑगस्ट, रविवार

नंदू आला होता, त्याची बायको शुभाही. नंदू माझा धाकटा भाऊ. आई-वडील गेल्यावर त्याचं शिक्षण, मग नोकरी, मग लग्न, सगळं माझ्या हातून झालं, आणि तेव्हापासून आम्ही एकत्रच राहतो. दोन खोल्या, दुसरा मजला, संडास खाली अंगणाच्या टोकाला.

त्या संडासावरूनच गोष्ट निघाली. उकिडवं बसता येणार नाही म्हटल्यावर काय करायचं. नंदू म्हणाला, मधल्या भोकाची लाकडी खुर्ची करून घेऊ, मागच्या सज्जात ठेवू. "तुम्ही काही काळजी करू नका वन्सं, उचलायचं मी बघेन," असं शुभा म्हणाली. किती चांगली मुलगी. तिच्या बोलण्यात जरासुद्धा कुरकुर नव्हती, आणि म्हणूनच मला ते सहन झालं नाही. माझा मैला ती उचलणार, आणि तेही हसतमुखानं, किती वर्षं ते देवाला माहीत.

मी म्हटलं, उत्तम सोय होईल. मग गणपतीचं विचारलं. मोदक कसे करणार, सारण मीच करते दरवर्षी. शुभा म्हणाली, करीन मी, तुम्ही निवांत राहा.

३१ ऑगस्ट, शनिवार

गणपती आले आणि दीड दिवसानं गेलेही. आज नंदू, शुभा आणि माझी आठ वर्षांची भाची उत्तरा डबा घेऊन आले. मोदकांच्या कळ्या माझ्यापेक्षा नाजूक पडल्या आहेत. उत्तरा म्हणाली, आत्या, तुझी खोली आम्ही आरास करायला वापरली, खूप मोठं मखर मावलं. नंदूनं तिला डोळ्यांनी दटावलं. मी म्हटलं, अरे, छानच केलंत.

संध्याकाळी सुनंदा आली. शाळेत माझ्या जागी नवी बाई आली आहे, मुली तिच्यावर खूश आहेत.

मी मोदक खाल्ला. गोडाला अगदी बेतशीर होता. खाताना एक गोष्ट स्वच्छ दिसली. माझ्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही. उलट मी असले की अडतं. शाळेत नव्या बाईंचं, घरात खोलीचं, शुभाच्या पाठीचं. कापडाचा तुकडा कमी पडत असेल तर घडीतली एक चूण काढून टाकायची, बाकीचं नीट बसतं. मी मुलींना हेच शिकवते. आपण ती चूण आहोत हे कळायला इतका वेळ लागला, याचंच नवल वाटतं.

रडू आलं नाही. उलट फार दिवसांनी डोकं शांत झालं.

२ सप्टेंबर, सोमवार

आवराआवर सुरू केली. शिवणाचं मशीन शुभाला. कापडं बेतायची मोठी कात्री सुनंदाला, तिला ती नेहमी आवडायची. माझी नारायणपेठी उत्तराला, मोठी झाल्यावर नेसेल. नंदूला आज हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ताई, आत्ता कशाला, तू घरी ये मग बघू. मी म्हटलं, पायानं चालवायचं मशीन मला काय कामाचं.

नंतर मला इतकं हलकं वाटलं की मी कॉन्सेप्टाबाईंना वर्गातल्या गमती सांगितल्या. नव्या आलेल्या नर्सला म्हटलं, तुझ्या टोपीची इस्त्री तिरकी आहे. सगळ्या हसल्या. कॉन्सेप्टाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या दिवसभर माझ्याकडे बघत होत्या. टोपडं शिवून झालं होतं ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, आणि म्हणाल्या, हे बाळाला घट्ट होतंय, उसव. मी माप घेऊन शिवलंय, घट्ट होणं शक्यच नाही. तरी उसवलं.

४ सप्टेंबर, बुधवार

आज सिस्टर इनेझना म्हटलं, आता कॉन्सेप्टाबाई सावरल्या, मला गॅलरीत हलवा. माझं सगळं मार्गी लागलं आहे. काय मार्गी लागलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घरचं सगळं. त्या खाटेच्या कडेला बसल्या. सिस्टर कधी पेशंटच्या खाटेवर बसत नाहीत, नियम आहे. माझा हात हातात घेतला आणि उगाच नाडी बघितली.

मी काही बोलायच्या आत पलीकडून कॉन्सेप्टाबाई ओरडल्या, "तिला हलवलं तर मी हा वार्ड डोक्यावर घेईन. मना एकटीला भीती वाटते." इतकी आपमतलबी बाई मी पाहिली नाही. सिस्टरांनी त्यांचंच ऐकलं. जाताना माझी छोटी कात्रीही घेऊन गेल्या. वॉर्डाचा नियम आहे म्हणाल्या, मागाल तेव्हा देईन, पण काम माझ्यासमोर बसून करायचं. इतके दिवस हा नियम कुठं होता. कॉन्सेप्टाबाईंच्या हाती लागू नये म्हणून असणार. माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मी माझ्या मनात ठरवलेलं आहे. त्याबद्दल इथं लिहायची गरज नाही.

८ सप्टेंबर, रविवार

आज बांद्र्याला मोतमावलीची, टेकडीवरच्या मेरीमातेची, जत्रा सुरू झाली. वॉर्डातल्या अर्ध्या बायकांच्या बोलण्यात तेच. आपल्यातलेही पुष्कळ लोक जातात. मी लहानपणी आईबरोबर गेले होते, तिथली पायऱ्यापायऱ्यांवरची मेणाची दुकानं आठवतात. ज्याचं जे दुखतं त्याचा मेणाचा अवयव घ्यायचा आणि माउलीला वाहायचा. मेणाचे हात, मेणाचे डोळे, मूल हवं असेल तर मेणाचं मूल. मी हट्ट करून साधी मेणबत्तीच घेतली होती.

दुपारी लॉरेन्स जत्रेतून थेट आला. कागदात गुंडाळलेलं काहीतरी आईच्या हातात दिलं. कॉन्सेप्टाबाईंनी कागद सोडला. मेणाचा पाय होता. चांगला वीतभर, मांडीपासून बोटांपर्यंत.

कापलेल्या पायासाठी मेणाचा पाय. ही बाई तो परत उगवेल अशी आस धरून बसली आहे की काय. त्यांनी तो जरा वेळ हातात धरला, माझ्याकडे बघितलं, परत पायाकडे बघितलं. मग एकदम लॉरेन्सवर उखडल्या. त्यांच्या बोलीत भराभर बोलल्या, मला नीट कळलं नाही. पाय परत कागदात गुंडाळून त्याच्या हातात कोंबला. तो बिचारा डोकं खाजवत निघून गेला. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या आणि क्रूस मुठीत धरून पुटपुटत राहिल्या.

९ सप्टेंबर, सोमवार

काल बराच वेळ विचार केला. आस धरली होती ती काल तुटली. पाय परत पाठवला म्हणजे माउलीवरचा भरवसाही उडाला. माणसाचा देवावरचाच भरवसा उडाला की पुढं काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. आता त्यांना एकटं सोडणं बरोबर नाही.

तेव्हा माझं जे ठरलं आहे ते थोडं पुढं ढकलावं लागणार. यात दुसरं काही नाही, फक्त सोपवलेलं काम अर्धवट टाकून जाणं माझ्या स्वभावात नाही. कॉन्सेप्टाबाईंचं मन थाऱ्यावर आलं की मग.

सिस्टरांना मेणाच्या पायाची हकिगत सांगितली. त्या ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बाई, तुम्ही फार बारीक लक्ष ठेवता तिच्यावर. ठेवा. सोडू नका." त्यांचे डोळे का भरले ते समजलं नाही. थकल्या असतील.

१२ सप्टेंबर, गुरुवार

टोपडं पुन्हा उसवलं. आता म्हणे बाळाला सैल होतं. मी चिडून म्हटलं, तुमच्या बाळाचं डोकं रोज बदलतं का. त्या खदाखदा हसल्या. इतकं हसणाऱ्या बाईच्या मनात काय चाललं असेल ते बाहेरून कुणाला कळणार. मी मात्र फसत नाही.

मी जरा गप्प झाले की त्यांना काहीतरी हवंच असतं. पाणी दे, सुईत दोरा ओव, वर्तमानपत्र वाचून दाखव, मनोरीला भात पोटरीवर आला असेल का ते सांग. मला भातातलं काय कळतं. आज तर माझ्या खाटेची कड धरून म्हणाल्या, मनोरीला येशील ना, माझ्या दारात मोठा बाक आहे, मांडी घालायला लागत नाय. मी म्हटलं, बघू. त्यांनी 'बघू' हा शब्द परत उच्चारला, आणि कड सोडली नाही. जेवणाची गाडी येईपर्यंत तशाच धरून होत्या.

१४ सप्टेंबर, शनिवार

आज लिहायलाच हवं.

दुपारी भेटायच्या वेळी लॉरेन्स आला. परत कागदाची गुंडाळी. कॉन्सेप्टाबाईंनी सोडून बघितली, मान हलवली, आणि सरळ माझ्या मांडीवर ठेवली. मेणाची बाई होती. अख्खी. डोक्यावर पदर, हात जोडलेले, दोन्ही पाय सरळ.

"हात लाव," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात ज्याच्यासाठी मागायचं त्याचा हात लागल्याबिगर वाहत नाय. उद्या जत्रा संपते."

मला काही कळेना. हे कुणासाठी, असं विचारलं. "तुझ्यासाठी. आणि कोणासाठी? माझा पाय तर कापून टाकला, तो मागून काय करू."

म्हणजे त्या दिवशीचा मेणाचा पायही माझ्याच खुब्यासाठी होता. मी विचारलं, मग तो परत का पाठवलात. त्या लॉरेन्सला म्हणाल्या, जा, बाहेर जाऊन ये. तो गेल्यावर हळू आवाजात बोलल्या. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"मी आधी पाय सांगितला होता. पाय आयला, आणि मी तुझ्याकडे बघितलं. मशीन देऊन टाकलंस, साडी देऊन टाकलीस, वर हसत होतीस. मना वाटलं, पाय मागून काय करू? पाय बरा होईल आणि बायच नसेल. म्हणून लॉरेन्सला बोलले, जा, अख्खी आण."

मी म्हटलं, तुम्हाला हे सिस्टरांनी सांगितलं का.

"सांगायला कशाला लागतं? माझा पाय गेला तर मी वरडले. मारून टाका बोलले. सगळे धावत आयले, कोणी डोकं धरलं, कोणी हात धरला. तू वरडतच नाय गं. मग कोण येणार धावत?"

मी बाहुली धरून बसले होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, हिचे दोन्ही पाय सरळ आहेत, माझा एक वाकत नाही. त्यांनी माझ्या हातातली बाहुली नीट केली, जोडलेले हात माझ्याकडे येतील अशी.

"हिचे पण वाकत नाय. उभी तर हाय ना."

मग मी रडले. चष्मा पुसणाऱ्या डॉक्टरांसमोर नाही, नंदूसमोर नाही, आणि भेटायच्या वेळी सगळ्या वॉर्डासमोर रडले. कॉन्सेप्टाबाईंनी त्यांच्या खाटेवरून, एका पायाच्या जोरावर, अर्धं अंग बाहेर काढून माझं डोकं धरलं. आम्ही दोघीही खाली पडलो असतो. सिस्टर इनेझ धावत आल्या.

१५ सप्टेंबर, रविवार

काल सिस्टरांना सगळं सांगितलं. जे या वहीत लिहायची गरज नाही असं लिहिलं होतं, तेही तोंडानं सांगितलं. बोलायला वेळ लागला. त्यांनी मधे थांबवलं नाही, उपदेश केला नाही. शेवटी म्हणाल्या, मला सांगितलंत हे फार चांगलं केलंत. पुन्हा तसं मनात आलं तर कितीही वाजलेले असोत, कुणीही ड्यूटीवर असो, हाक मारायची. टेबल इथून दोन हातांवर आहे, म्हणूनच तुम्हाला इथं आणलं होतं.

मग माझ्याही लक्षात आलं, मी दाराकडून टेबलाकडे कुणासाठी सरकले होते ते. "मग कॉन्सेप्टाबाईंवर लक्ष ठेवायचं काम खोटं होतं का," असं विचारलं. नाही म्हणाल्या, तेही खरंच होतं. दोघींना एकमेकींची गरज होती आणि मला दोघींची काळजी.

मोठ्या डॉक्टरांनाही सांगायला मी हो म्हटलं. नंदूलाही सांगायचं ठरलं. त्याची मला लाज वाटते, पण सिस्टर म्हणाल्या, ज्याचं सगळं तुम्ही केलंत त्याला एकदा तरी तुमचं करू दे. संध्याकाळी तो सिस्टरांशी बोलून माझ्याकडे आला. खाटेशी उभा राहून माझ्या बारीक पायावर हात फिरवत राहिला. मग म्हणाला, ताई, ती आरास मी काढून टाकली. तुझ्या खोलीत आता काही नाही, तुझी खाट आहे फक्त. शुभानं मशीनला हात लावलेला नाही.

लॉरेन्स दुपारीच बांद्र्याला गेला होता. दुकानदारानं मेणाचा पाय परत घेतला नाही म्हणून त्यानं दोन्ही वाहिले, पाय आणि बाई. कॉन्सेप्टाबाई म्हणाल्या, माउलीला वाटेल या बाईला तीन पाय हायत. त्यावर मी हसले, आणि हसताना मला माझं हसू खरं वाटलं.

जे वाटत होतं ते सगळं गेलेलं नाही. आज सकाळी उठले तेव्हा ते उशाशीच होतं. पण कॉन्सेप्टाबाई जाग्या होत्या. त्यांना तसं सांगितलं, आणि त्यांनी मला भाकरीचा तुकडा दिला.

१७ सप्टेंबर, मंगळवार

आज मला उभं केलं. दोन्ही काखांत कुबड्या, मागं आयाबाई, पुढं डॉक्टर. वजन पायावर आलं आणि खुब्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढं अंधारी आली. सवयीनं मी ओठ दाबून धरला. डॉक्टर म्हणाले, फारसं दुखत नाही ना. मी नाही म्हणणारच होते.

मग खाटेवर बसलेल्या कॉन्सेप्टाबाईंकडे नजर गेली. पायाला माझं टोपडं, तेच, पहिल्या मापाचं. गुपचूप परत तसंच शिवून घेतलंय माझ्याकडून, हे आत्ता दिसलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

मी ओरडले. आईगं असं, पोटातून, वॉर्ड दणाणेल असं. माझ्या वर्गातल्या मुलींनी ऐकलं असतं तर त्यांना खरं वाटलं नसतं. सिस्टर इनेझ औषधाचा ट्रे टाकून धावल्या, नवी नर्स धावली, पलीकडच्या खाटेवरची बाई स्वतःची सलाइन सांभाळत उठून बसली. कुणी पाठ धरली, कुणी कोपर धरलं. इतके हात माझ्या अंगाला एका वेळी कधी लागले नव्हते.

"अजून मोठ्यानं, बाय," कॉन्सेप्टाबाई म्हणाल्या.

मी उभी होते. सुनंदाला निरोप धाडला आहे, मोठी कात्री परत आणून सिस्टरांकडे दे. टोपड्याला आता एक जोड लागणार आहे, धुवायला टाकलं की बदलायला.